पाकीट उलटं करून वाचायला शिका: ॲडिटिव्ह, ई-नंबर आणि आपली तब्येत

एकदा रात्री उशिरापर्यंत काम करत बसले होते आणि हाताशी शुगर-फ्री गोळ्यांचं पाकीट होतं. साखर नाही म्हणजे बिनधास्त, असं म्हणत एकेक करत अर्ध्याहून जास्त पाकीट कधी संपलं कळलंच नाही. पहाटे पोटात जो गडगडाट सुरू झाला आणि मग ज्या फेऱ्या झाल्या त्याचं वर्णन करत नाही. सकाळी पाकीट उलटं करून बघितलं तर तिथे लिहिलेलंच होतं की जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. अक्षर एवढं बारीक की मोबाईलने फोटो काढून झूम केल्यावर दिसलं. घटकांत पहिलंच नाव माल्टिटॉल, ई ९६५.

तेव्हापासून पाकीट उलटं करायची सवय लागली, पण सुरुवातीला तिचा नुसता ताप झाला. जे उचलावं त्यावर नंबर, नेटवर शोधलं की एक जण म्हणतो विष आहे, दुसरा म्हणतो काही होत नाही, आणि मी आपली बिस्किटाचा पुडा हातात धरून उभी. आता बरंच वाचून आणि थोडं स्वतःवर करून बघून एक पद्धत बसलीय. "हे चांगलं की वाईट" असं विचारायचंच नाही. कुणासाठी, किती आणि किती वेळा, एवढं विचारायचं. खाली तेच लिहितेय, जरा लांबलंय.

आधी लेबल

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. ॲडिटिव्ह, म्हणजे रंग, चव, टिकाऊपणा यासाठी वरून घातलेले पदार्थ, बहुतेक वेळा शेपटाला सापडतात कारण ते चिमूटभरच असतात. माझ्या गोळ्यांमध्ये मात्र गोडवा देणाराच पदार्थ पहिला होता, तिथेच मला कळायला हवं होतं. आधी काम लिहितात, म्हणजे रंग, प्रिझर्वेटिव्ह, इमल्सिफायर वगैरे, आणि त्यापुढे नाव किंवा नंबर. युरोपात नंबरच्या आधी ई लावतात, इतर ठिकाणी आयएनएस लिहितात किंवा नुसताच आकडा, पण आकडा बहुतेक तोच असतो, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट मग पाकीट कुठलंही असो.

नंबर पाठ करायची गरज नाही, घराणी लक्षात ठेवली तरी पुरे. १०० च्या घरातले रंग, २०० वाले टिकवणारे, ३०० वाले तेल खवट होऊ न देणारे आणि आंबटपणा सांभाळणारे, ४०० वाले घट्टपणा आणणारे किंवा तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे, ६०० वाले चव वाढवणारे, आणि ९५० च्या पुढे बरेचसे गोड करणारे. अपवाद आहेत, सॉर्बिटॉल गोड असून ४२० वर बसलाय.

आणि नंबर दिसला म्हणून दचकायचं नाही. ई ३०० म्हणजे व्हिटॅमिन सी. ई १०१ म्हणजे बी २. ई १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ई ४४० म्हणजे फळांतलं पेक्टिन, ज्याच्यामुळे जॅम धरतो, ई ५०० म्हणजे खायचा सोडा आणि त्याची भावंडं. ई ३३० म्हणजे लिंबातलं सायट्रिक ॲसिड. या बिचाऱ्या ३३० ची तर गंमतच आहे. १९७६ च्या सुमाराला फ्रान्समध्ये एक पत्रक फिरायला लागलं, त्यात कॅन्सर करणाऱ्या ॲडिटिव्हची यादी होती आणि सगळ्यात धोकादायक म्हणून ई ३३० चं नाव. पॅरिसजवळच्या विलझ्विफ गावच्या कॅन्सर हॉस्पिटलचं नाव त्याला चिकटलं होतं, हॉस्पिटलने हे आमचं नाही म्हणून सांगितलं तरी पत्रक वर्षानुवर्षं हातोहात फिरत राहिलं, झेरॉक्सवर झेरॉक्स. असं का झालं असावं याचं एक स्पष्टीकरण नेहमी देतात ते असं की सायट्रिक ॲसिड शरीरात ज्या चक्रात येतं त्याला क्रेब्ज सायकल म्हणतात, ते नाव शास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांचं, आणि जर्मनमध्ये क्रेब्ज म्हणजे कॅन्सर. ध चा मा म्हणतात तो हाच. आजचे फॉरवर्ड बघितले की मला ते पत्रक आठवतं.

किती म्हणजे किती

पूर्वी हे कसं तपासायचे माहितीय? १९०२ मध्ये अमेरिकेत हार्वी वायली नावाच्या केमिस्टने १२ तरण्याताठ्या स्वयंसेवकांना जेवणाच्या टेबलावर बसवलं आणि त्यांना जेवणातून बोरॅक्स वगैरे त्या काळातले प्रिझर्वेटिव्ह द्यायला सुरुवात केली, मात्रा वाढवत वाढवत, त्यांचं पोट बिघडेपर्यंत. पेपरवाल्यांनी त्यांचं नाव पॉयझन स्क्वॉड पाडलं. नंतर फॉर्मल्डिहाइडसुद्धा दिलं. १९०६ चा तिथला शुद्ध अन्नाचा कायदा यायला हा प्रयोगही एक कारण ठरला.

आता काम प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून सुरू होतं. जास्तीत जास्त किती दिलं तरी काही वाईट दिसत नाही तो आकडा काढतात आणि त्याला साधारण १०० ने भागतात, दहा पट माणूस आणि प्राणी यातल्या फरकासाठी आणि दहा पट माणसामाणसातल्या फरकासाठी. जे उरतं त्याला एडीआय म्हणतात, रोज, आयुष्यभर खाल्लं तरी चालेल अशी मात्रा, दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना आणि डब्ल्यूएचओ यांची जेक्फा नावाची तज्ज्ञ समिती १९५६ पासून हे काम करतेय, युरोपात तिथली अन्नसुरक्षा संस्था एफ्सा करते.

हे "दर किलो वजनामागे" जे आहे ना, तिथेच सगळी मेख आहे. एकदा गणित करूनच बघा. सोडियम बेंझोएटसाठी एफ्साचा आकडा ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, २० किलोच्या पोराला १००. युरोपात गोड पेयांत लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे. म्हणजे मर्यादेइतकं बेंझोएट असलेलं पेय मोठ्या माणसाने दिवसाला दोन लिटर प्यायलं तर आकडा गाठेल, आणि पोराने दोन छोटे कॅन, ३३० मिलीचे, प्यायले की झालंच. पेय तेच आणि कॅनही तोच. म्हणून "आम्ही पण पितो की, आम्हाला काय झालं" हे पोरांच्या बाबतीत लागू होत नाही.

एक दिवस आकडा ओलांडला म्हणजे काही लगेच होत नाही, हा आयुष्यभराच्या सरासरीचा हिशोब आहे आणि त्यात भरपूर जागा ठेवलेली असते. शिवाय हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, याच बेंझोएटसाठी जेक्फाने २०२१ मध्ये २० पर्यंत चालेल म्हटलं, म्हणजे एफ्साच्या चौपट. दोन्हीकडे शहाणी माणसंच बसलीत, कुठला अभ्यास धरायचा आणि किती सावध राहायचं यावर फरक पडतो. मी पोरांसाठी कमी आकडा धरते आणि स्वतःसाठी फार डोकं लावत नाही.

बेंझोएटवरून आठवलं, ज्या पेयात २११ आणि व्हिटॅमिन सी म्हणजे ३०० दोन्ही असतात त्यात ऊन आणि उष्णता लागली तर थोडं थोडं बेंझीन तयार होऊ शकतं, आणि बेंझीनने कॅन्सर होतो हे पक्कं आहे. मात्रा फार कमी असते आणि कंपन्यांनी बरीच पेयं त्यासाठी बदललीत, पण तरी अशी बाटली गाडीत उन्हात ठेवायची नाही, एवढं तर कुणीही करू शकतं.

तुम्ही कुठल्या गटात आहात

लोक इथेच चुकतात. सगळ्यांनी सगळं टाळायचं म्हणतात, आणि ज्याला खरंच टाळायला हवं त्याला मात्र नेमकं काय ते माहीतच नसतं.

दमा असेल तर सल्फाइट बघा, नंबर २२० ते २२८. सगळ्या दमेकऱ्यांना त्रास होत नाही, अंदाज साधारण ३ ते १० टक्क्यांचे देतात, पण ज्यांना होतो त्यांना खाल्ल्यावर काही मिनिटांत छातीत घरघर सुरू होऊ शकते आणि क्वचित ते जिवावरही बेततं. सुकवलेली फळं, वाईन, बाटलीतला लिंबाचा रस, सुकवलेले बटाट्याचे पदार्थ, इथे जास्त सापडतं. सुके जर्दाळू घ्या, जे केशरी, मऊ, फोटोत छान दिसतात ते सल्फाइटवाले, आणि जे तपकिरी, जरा चिवट, बघून कुणी उचलणार नाही असे ते बिनसल्फाइटचे. मी पहिल्यांदा तपकिरी आणले तेव्हा घरात सगळ्यांनी खराब झालेत म्हणून बाजूला ठेवले होते! युरोपात किलोला १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर लेबलवर लिहावं लागतं, आणि सुक्या जर्दाळूत परवानगी आहे किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत. आठ ग्रॅमचा एक जर्दाळू धरला तर त्यात १६ मिलिग्रॅमपर्यंत असू शकतं. जेक्फाचा एडीआय ०.७, म्हणजे ६० किलोला ४२ आणि २० किलोला १४. म्हणजे मोठ्या माणसाला जेमतेम अडीच जर्दाळू आणि पोराला एकसुद्धा पूर्ण नाही, तेही मर्यादेइतकं असेल तर. हे गणित केल्यापासून दमा नसूनही आमच्याकडे तपकिरीच येतात. कच्च्या खायच्या भाज्या-फळांवर सल्फाइट मारायला अमेरिकेने १९८६ मध्येच बंदी घातली, सॅलड बारमध्ये खाऊन दमेकरी दगावल्याच्या घटनांनंतर.

किडनीचा त्रास असेल तर फॉस्फेट. ३३८ ते ३४३ आणि ४५० ते ४५२, किंवा नावात "फॉस्" आलं की थांबा. कोला पेयं, चीज स्प्रेड, इंजेक्शन देऊन रसाळ केलेलं मांस, बेकिंग पावडर घातलेले पदार्थ. नैसर्गिक अन्नातलं फॉस्फरस साधारण निम्मं शोषलं जातं, ॲडिटिव्हमधलं ९० टक्क्यांच्या आसपास, आणि कमजोर किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, मग ते रक्तात वाढतं आणि हाडं, रक्तवाहिन्या यांची वाट लागते. बरेच पेशंट दूध-डाळी मोजून खातात आणि कोला तसाच चालू असतो. पोषणाच्या तक्त्यात फॉस्फरस किती ते बहुतेक वेळा नसतंच, त्यामुळे घटकांच्या यादीतच शोधावं लागतं.

पीकेयू नावाचा जन्मजात आजार ज्यांना आहे त्यांनी अस्पार्टेम, ई ९५१, अजिबात नाही, कारण त्यातून फेनिलॲलॅनिन मिळतं जे त्यांच्या शरीराला हाताळता येत नाही. पाकिटावर तशी सूचना असते. बाकीच्यांनी ती सूचना वाचून घाबरायचं कारण नाही, तोच घटक दूध, अंडी, मांस सगळ्यात असतो.

आयबीएस (आतडं वारंवार बिघडायचा त्रास) किंवा नाजूक पोट असेल तर "ऑल"वाले, सॉर्बिटॉल ४२०, मॅनिटॉल ४२१, माल्टिटॉल ९६५, झायलिटॉल ९६७. हे लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत, पुढे जातात, पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्यांना आंबवतात, म्हणून गॅस, मग फेऱ्या. माझं पोट नाजूक नाही तरी काय झालं ते वर लिहिलंच आहे.

अंगावर पित्त उठत असेल तर टार्ट्राझिन १०२ आणि कार्माइन १२० कडे लक्ष ठेवा, दोन्हीने क्वचित कुणाकुणाला ॲलर्जी होते. कार्माइन किड्यांपासून काढतात, त्यामुळे शाकाहारी लोकांनी हा नंबर वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवलेला बरा. नैसर्गिक रंग म्हणून तो मिरवतो आणि खोटंही नाही, पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे समीकरण तिथेच मोडतं.

पोरं आणि रंग

यावर भांडणं फार होतात. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन युनिव्हर्सिटीने सुमारे ३०० पोरांवर, ३ वर्षांची आणि ८-९ वर्षांची, प्रयोग केला. रस द्यायचा, कधी त्यात रंग आणि सोडियम बेंझोएट, कधी नुसता, आणि कुणाला काय दिलंय ते पोरांना आणि आईबापांना माहीत नाही. रंग दिल्यावर चळवळेपणा सरासरीने थोडा वाढलेला दिसला. थोडा. सगळ्या पोरांत नाही, आणि दोन वेगवेगळी मिश्रणं होती त्यांचे निकालही अगदी सारखे नव्हते, शिवाय नेमका कुठल्या रंगाने ते कळायला मार्ग नाही कारण सगळे एकत्र होते. तरी युरोपने जुलै २०१० पासून सहा रंगांवर सूचना सक्तीची केली की मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो. ते सहा: १०२, १०४, ११०, १२२, १२४, १२९. झालं असं की सूचना छापायला नको म्हणून बऱ्याच कंपन्यांनी तिकडे रंगच बदलले.

माझं मत सरळ आहे, रंगाने पोषण मिळत नाही, पदार्थ जास्त टिकतही नाही, नुसता दिखावा. त्यामुळे फायदा शून्य आणि धोका थोडासा का असेना, तर पोरांच्या रोजच्या खाण्यातून तो गेला तर कुणाचंच काही बिघडत नाही. वाढदिवसाला रंगीत केक खाल्ला म्हणून लगेच घरात कोर्ट भरवू नका. आणि हो, पार्टीत पोरं उधम करतात ती मुख्यतः पार्टी असते म्हणून.

प्रिझर्व्ह केलेलं मांस, इथे मात्र खरंच कमी करा

सगळ्या यादीत मला कुणी विचारलं की एकच गोष्ट सांग तर मी हीच सांगेन. सॉसेज, हॅम, बेकन, सलामी यात सोडियम नायट्राइट २५० असतं. ते उगाच घातलेलं नसतं, त्याने बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जंतू वाढत नाहीत, आणि तो गुलाबी रंगही त्याचाच, नाहीतर शिजलेलं मांस राखाडी दिसतं. पण पोटात आणि कडक तापलेल्या तव्यावर त्यातून नायट्रोसमाइन नावाची, कॅन्सर करू शकणारी रसायनं तयार होऊ शकतात. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने, आयएआरसीने, ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये टाकलं, त्यात तंबाखूही आहे, आणि मग बातम्या आल्या की सॉसेज सिगारेटइतकं वाईट. तसं नाहीये. गट म्हणजे पुरावा किती पक्का आहे ते, धोका किती मोठा आहे ते नाही. धोका असा की रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. १८ टक्के ऐकायला भयंकर वाटतं, पण समजा एरवी आयुष्यात शंभरातल्या ५ जणांना होणार असेल तर ते ६ च्या जवळ जाईल. लहान आकडा आहे, पण रोजच्या नाश्त्यातून कमी करता येण्यासारखा आहे, मग का नाही करायचा.

"नायट्राइट घातलेलं नाही" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं पाकीट उलटं करा. सेलेरीचा अर्क किंवा पावडर दिसली तर समजा नाव बदललं, काम तेच. सेलेरीत नायट्रेट भरपूर असतं, त्याचं जंतूंकडून नायट्राइट करून घेतात. मग भाज्यांमध्ये नायट्रेट असतं तर भाज्या वाईट का, हा प्रश्न मलाही पडला होता. भाजीत सोबत व्हिटॅमिन सी वगैरे असतं जे नायट्रोसमाइन होऊ देत नाही, आणि मांसातलं लोह आणि प्रथिनं नसतात. म्हणूनच मांसाच्या पाकिटातही बऱ्याचदा ३०१ किंवा ३१६, म्हणजे व्हिटॅमिन सीची भावंडं, घातलेलं दिसतं, ते चांगल्यासाठीच आहे.

गोडवा, अजिनोमोटो आणि बाकी वादाचे मानकरी

अस्पार्टेमला जुलै २०२३ मध्ये आयएआरसीने गट २ब मध्ये टाकलं, म्हणजे कदाचित कॅन्सर होऊ शकतो, पुरावा तोकडा. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. त्याच दिवशी जेक्फाने आपला ४० मिलिग्रॅमचा एडीआय तसाच ठेवला, ७० किलोच्या माणसाने तो ओलांडायला डाएट पेयाचे रोज ९ ते १४ कॅन प्यावे लागतील असा हिशोब दिला. जुन्या सॅकरिनचीही अशीच कथा, उंदरांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला म्हणून १९७७ पासून अमेरिकेत पाकिटांवर इशारा होता, पुढे कळलं की ती यंत्रणा उंदरांच्या लघवीचीच खासियत आहे आणि २००० मध्ये इशारा काढला. पण म्हणून गोळ्या टाकत सुटा असंही नाही, मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की वजन कमी करायला हे गोडवे वापरू नका, लांबच्या पल्ल्यात फायदा दिसत नाही. मधुमेह आधीपासून आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. माझ्या मते साखरेच्या पेयावरून पाण्यावर यायचंय तर मधला टप्पा म्हणून ठीक.

अजिनोमोटो, म्हणजे ई ६२१, याला मात्र मला वाटतं फुकट बदनाम केलंय. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सूपमधून ती चव शोधून काढली, तोच ग्लुटामेट टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये असतो आणि शरीराला त्यात फरक कळत नाही. १९६८ मध्ये एका मेडिकल जर्नलला एक पत्र आलं, जेवल्यावर मान जड होते वगैरे, आणि तिथून आख्ख्या चायनीज स्वयंपाकाला दोष लागला. उपाशीपोटी, अन्नाशिवाय एकदम ३ ग्रॅम किंवा जास्त दिलं तर काही लोकांना थोडा वेळ डोकेदुखी, घाम असं होतं, पण एका डिशमध्ये साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमीच असतो. आणि "अजिनोमोटो नाही" लिहिलेल्या पाकिटात यीस्ट एक्सट्रॅक्ट शोधा, त्यात ग्लुटामेटच असतो.

इमल्सिफायरचं अजून नक्की व्हायचंय. २०१५ मध्ये उंदरांवर दिसलं की ४६६ (सीएमसी) आणि ४३३ (पॉलिसॉर्बेट ८०) या इमल्सिफायरने आतड्यातला चिकट थर पातळ होतो आणि सूज येते. नंतर माणसांवर छोटा प्रयोग झाला, १६ निरोगी स्वयंसेवक, त्यातल्या काहींना ११ दिवस रोज १५ ग्रॅम ४६६, जे रोजच्या खाण्यापेक्षा खूपच जास्त आहे, आणि त्यांच्या आतड्यातले जंतू बदलले, जेवणानंतर पोटात जरा अस्वस्थ वाटायला लागलं. क्रोन्ज किंवा कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या सुजेचा आजार, असेल तर डॉक्टरांशी यावर बोला, बाकीच्यांनी झोप उडवू नये.

एक देश बंदी घालतो आणि दुसरा नाही, म्हणजे कुणीतरी विकलं गेलंय असं लगेच धरू नका. पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइड, १७१, एफ्साने २०२१ मध्ये म्हटलं की डीएनएला इजा करत नाही याची खात्री देता येत नाही म्हणून सुरक्षित म्हणणार नाही, २०२२ मध्ये युरोपने बंद केला, आणि २०२३ मध्ये जेक्फाने तोच पुरावा बघून चालेल म्हटलं. लाल रंग १२७ ला अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परवानगी काढून घेतली, कारण तिथला रंगांसाठीचा १९६० चा नियम म्हणतो की प्राण्यात जरी कॅन्सर दिसला तरी बाद, मग माणसाला लागू असो वा नसो. पावाच्या पिठात घालायचा पोटॅशियम ब्रोमेट मात्र बऱ्याच देशांनी हाकललाय आणि बरंच केलं, लेबलवर ९२४अ दिसला तर ते पाकीट मी ठेवून देते.

आणखी एक, सगळा दोष ॲडिटिव्हच्या माथी मारू नका. अमेरिकेत २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, ताटात साखर, मीठ, फॅट, फायबर बरोबरीत ठेवून, हवं तेवढं खा म्हणून. कारखान्यातल्या अन्नावर लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. त्यात ॲडिटिव्हचा वाटा किती आणि भरभर गिळता येण्याचा किती, हे त्यातून सुटं होत नाही. पण ज्या पाकिटावर नंबरांची लांबलचक माळ असते ते सहसा असंच अन्न असतं, म्हणून मी माळेची लांबी बघते, एकेका मण्याची चौकशी करत बसत नाही.

स्वतःवर तपासायचं असेल तर

वही घ्या. काय खाल्लं, किती, किती वाजता, त्रास काय आणि किती वाजता सुरू झाला, झोप किती झाली. झोप लिहायची विसरू नका, माझ्या निम्म्या डोकेदुख्या त्या रकान्यात सापडल्या. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा कारण कंपन्या घटक बदलतात आणि आपल्याला पाकीट तेच दिसतं.

आठवडाभर नुसतं लिहा, काही बंद करू नका. मग संशय असेल ती एकच गोष्ट दोन-तीन आठवडे बंद. एका वेळी एकच, नाहीतर बरं वाटलं तर कशाने ते कळणार नाही आणि तुम्ही आयुष्यभर पाच गोष्टी उगाच टाळत बसाल. मग ती परत सुरू करा. ही परत सुरू करायची पायरी सगळे गाळतात, आणि खरं तर तीच चाचणी आहे, बंद केल्यावर बरं वाटणं हे नुसत्या उत्साहानेही होतं. जमलं तर कुणाला तरी सांगा की दोन वाट्या सूप कर, एकात ६२१ घाल, एकात नको, आणि कुठली कुठली ते मला सांगू नकोस. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा करा. मी केलं. मला खात्री होती की माझी डोकेदुखी त्याचीच. चार वेळांत डोकं एकदाच दुखलं, ते साध्या सूपच्या दिवशी.

हा प्रयोग कुणी करायचा नाही तेही लिहिते. खाल्ल्यावर कधी घसा-ओठ सुजलेत, श्वास लागलाय, चक्कर येऊन पडलाय अशांनी घरी परत खाऊन बघायचं नाही, ते काम डॉक्टरांसमोर हॉस्पिटलमध्येच होतं. सल्फाइटचा संशय असलेल्या दमेकऱ्यांनीही नाही. आणि पोरांच्या ताटातून एकदम दहा गोष्टी काढायच्या असतील तर आहारतज्ज्ञाला विचारून, कारण काढलेल्याच्या जागी काय आलं हे कुणी बघत नाही. डॉक्टरकडे जाताना वही आणि पाकिटाचे फोटो न्या, "काहीतरी पॅकबंद खाल्लं होतं" यावरून त्यांना काही काढता येत नाही.

आणि प्रिझर्वेटिव्ह नसलेलं पाकीट मुद्दाम घेतलंत तर ते फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. बुरशी आली तर वरचा थर काढून खालचं खाणं नको, मऊ पदार्थात ती डोळ्याला दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते आणि काही बुरश्यांचं विष हे २०० च्या घरातल्या कुठल्याही नंबरापेक्षा वाईट.

राहता राहिलं त्या शुगर-फ्री गोळ्यांचं. माझी रात्र गेली, त्यावर आता हसतो सगळे. पण घरात कुत्रा असेल तर अशी पाकिटं आणि च्युइंगम उंच कपाटातच ठेवा, त्यात झायलिटॉल ९६७ असेल तर थोड्याशानेही कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली येते आणि लिव्हर निकामी होऊ शकतं. खाल्लं असा नुसता संशय आला तरी वाट बघत बसू नका, पाकीट हातात घेऊन सरळ प्राण्यांचा डॉक्टर गाठा.